बुद्धिबळातील जुन्या दिग्गजांचे डाव अभ्यासून व्यूहरचना शिकता येते का?

पट_आणि_पेन :

नमस्कार. माझे ऑनलाइन रेटिंग बऱ्याच काळापासून १५०० च्या आसपास घुटमळते आहे. कोडी सोडवण्याचा सराव नियमित असल्यामुळे दोन-तीन चालींचे डावपेच सहसा नजरेतून सुटत नाहीत, आणि नेहमी खेळतो त्या सुरुवातींच्या पहिल्या आठ-दहा चालीही ठाऊक आहेत. अडचण त्यानंतरची आहे. सगळी मोहरी बाहेर आली, दोन्ही बाजूंचा किल्लेकोट झाला आणि पटावर कुठेही मारामारी नाही, अशा वेळी पुढे काय करायचे तेच सुचत नाही. मग एखादे प्यादे उगाच पुढे ढकलले जाते, हत्ती इकडून तिकडे फिरत राहतो, आणि समोरचा खेळाडू हळूहळू आवळत नेतो.

यावर ज्यांना ज्यांना विचारले त्यांनी कापाब्लांका, रुबिनस्टाइन, बोटविनिक, कार्पोव्ह यांचे डाव पाहण्याचा सल्ला दिला. ते डाव पाहताना आनंद होतो हे खरे, परंतु डाव संपल्यावर माझ्या हाती नेमके काय लागले हे सांगता येत नाही. आज कोणतेही इंजिन (बुद्धिबळ खेळणारा संगणक-प्रोग्राम) त्या दिग्गजांहून बलवान असताना शंभर वर्षांपूर्वीचे डाव अभ्यासण्यात खरोखर अर्थ आहे का, आणि असल्यास ते कसे अभ्यासावेत, याविषयी जाणकारांनी आपले अनुभव सांगावेत ही विनंती.

अडीच_घरे :

अर्थ निश्चित आहे, आणि तो एका डावावरून दाखवणे सोपे जाईल. लोड्झ येथे १९०८ मध्ये झालेला रुबिनस्टाइन विरुद्ध साल्वे हा डाव काढा. तारॅश बचाव या सुरुवातीत नवव्या चालीला पांढऱ्याने सी६ वर (पटाच्या उभ्या पट्ट्या ए ते एच आणि आडव्या ओळी १ ते ८, म्हणजे सी पट्टीतील सहाव्या घरावर) घोडे मारून घेतले आणि काळ्याने बी प्याद्याने परत मारले, त्यामुळे काळ्याकडे सी६ आणि डी५ अशी दोन प्यादी उरली. सी६ चे प्यादे सी५ पर्यंत पोहोचले तर काळ्याचा डाव मोकळा होतो आणि ते जागीच अडकले तर जन्मभराचे ओझे होते. इथून पुढे रुबिनस्टाइनला एकच गोष्ट करायची होती, ती म्हणजे सी५ आणि डी४ या दोन घरांवर पक्का ताबा मिळवणे.

अकराव्या चालीला घोडा ए४ वर जातो. पटाच्या कडेचा घोडा वाईट असे आपण पहिल्या दिवसापासून ऐकत आलो, परंतु इथे तो सी५ वर डोळा ठेवून बसला आहे. पंधराव्या चालीला सी५ वर उंट येतो आणि काळ्या घरांवर पहारा देणाऱ्या काळ्याच्या उंटाशी त्याची अदलाबदल होते. लगेच वजीर डी४ वर बसतो. एकविसाव्या चालीला त्याच सी५ वर घोडा येतो, काळा आपल्या घोड्याने तो मारतो आणि बाविसाव्या चालीला तिथे हत्ती येतो. आधी उंट, मग घोडा, मग हत्ती, अशी तीन मोहरी सात-आठ चालींच्या अवधीत एकाच घरात येऊन बसली. मधल्या काळात एफ३ आणि हत्ती एफ२ या दोन चाली अगदी निरुद्देश वाटतात, पण तोच हत्ती पुढे दुसऱ्या ओळीवरून घसरत सी२ वर येतो आणि सी पट्टीतील जोर दुप्पट होतो, तेव्हा त्यांचा उलगडा होतो.

तुम्ही विचारता की मारामारी नसताना करायचे काय. करायचे ते हे. प्रतिपक्षाचे एक दुखरे घर शोधायचे, त्याच्यावर पहारा देणारी मोहरी एकेक करून पटावरून काढायची आणि आपले सगळे सैन्य त्या घराच्या दिशेने वळवायचे. इंजिन या स्थितीत पांढरा थोडा वरचढ आहे एवढे सांगेल. त्या थोड्याशा वरचढपणाचे पुढे काय करावे हे रुबिनस्टाइन सांगतो.

थेट_मात :

अडीच_घरे यांचे विवेचन वाचनीय आहे, परंतु मूळ प्रश्नकर्त्याला त्याचा उपयोग होईल असे मला वाटत नाही. १५०० च्या पातळीवर डाव सी५ या घरावरील ताब्यामुळे जिंकले जात नाहीत, कोणीतरी मोहरा फुकट सोडल्यामुळे जिंकले जातात. समोरचा हळूहळू आवळतो असे धागाकर्त्याला वाटत असले तरी त्यांनी आपले शेवटचे काही डाव इंजिनवर घालून पाहावेत. बहुतेक ठिकाणी निकाल एका ठळक चुकीने लागलेला दिसेल. तेव्हा आधी डावपेच, नंतर अंत्यडाव आणि वेळ उरलाच तर इतिहास.

अडीच_घरे :

@थेट_मात, ती ठळक चूक बहुधा गुदमरलेल्या स्थितीतच होते, हेही पाहायला हवे. याच डावाचा शेवट बघा. पांढऱ्याचा वजीर डी४ वर, काळ्याचा वजीर बी६ वर आणि त्याच्या मागे, त्याच तिरप्या रेषेत, ए७ वर काळ्याचा हत्ती. सत्ताविसाव्या चालीला रुबिनस्टाइन हत्तीने सी६ चे प्यादे मारतो. काळ्या वजिराने तो हत्ती मारला तर ए७ चा हत्ती निराधार होऊन पडतो, आणि वजिराने डी४ चा वजीर मारला तर ई प्याद्याने परत मारून पांढरा एक प्यादे कमावतो. ही दोन चालींची युक्ती कोडे म्हणून समोर आली असती तर तुम्ही क्षणात सोडवली असती. परंतु काळ्याचा वजीर आणि हत्ती त्या तिरप्या रेषेत का उभे राहिले? सी६ आणि ए६ या दोन प्याद्यांच्या राखणीसाठी त्यांना दुसरी जागाच उरली नव्हती. कोडे तयार होण्यापूर्वीच्या पंधरा चाली कोड्यांच्या पुस्तकात नसतात, त्या डावात असतात.

मंदगती :

कापाब्लांकाचे डाव पाहताना सगळे इतके स्वाभाविक वाटते की हे तर आपणही खेळलो असतो असा समज होतो, आणि पुढच्याच डावात तो समज प्रतिपक्ष अत्यंत सौजन्याने दूर करतो.

काळी_मोहरी :

मी जुन्या डावांची चाहती आहे, तरीही एक आक्षेप नोंदवते, कारण तो या चर्चेत यायलाच हवा. निकाल ठाऊक झाल्यावर डावाची गोष्ट सांगणे सोपे असते. विजेत्याने पहिल्या चालीपासून एकच योजना मनात धरली आणि ती शेवटास नेली, असे टीपकार लिहितात, आणि आपण ते वाचून मान डोलावतो. प्रत्यक्षात विजेत्याने वाटेत दोन-तीनदा योजना बदललेली असते, आणि पराभूत खेळाडूला प्रतिकाराच्या संधी मिळालेल्या असतात, ज्यांचा टिपणांत उल्लेखही नसतो. साल्वेने काय करायला हवे होते हे कोणी विचारत नाही. म्हणून माझी सूचना अशी की प्रत्येक डाव एकदा पराभूताच्या बाजूला बसून पाहावा, आणि ज्या चालीनंतर आपल्याला श्वास कोंडल्यासारखा वाटू लागतो त्या चालीच्या आधी थांबून तिथे स्वतः काही शोधावे.

दुसरे असे की, विसाव्या शतकाच्या आरंभीच्या डावांत योजना स्पष्ट दिसतात त्याचे एक कारण प्रतिपक्षाला ती योजना वेळेवर कळत नसे हे आहे. शिकणाऱ्यासाठी हे सोयीचे असले तरी त्यातून एक गैरसमज पक्का होतो की आपण योजना आखावी आणि समोरच्याने ती पुरी होऊ द्यावी. हा गैरसमज घालवायचा असेल तर झुरिच येथील १९५३ ची आव्हानवीरांची (म्हणजे जगज्जेत्याला आव्हान कोण देणार हे ठरवणारी) स्पर्धा अभ्यासावी. पंधरा खेळाडू, प्रत्येकाशी दोनदा गाठ, एकूण २१० डाव, आणि त्यांत कोणीही कोणाला सहजासहजी काही करू देत नाही. स्मिस्लोव्ह १८ गुणांसह पहिला आला, परंतु शिकण्यासारखे खूप काही त्या स्पर्धेतील बरोबरींतही आहे.

उदाहरणार्थ रेशेव्हस्की विरुद्ध पेट्रोसियन. पांढऱ्याची डी४ आणि ई५ ही प्यादी पुढे सरकण्याच्या तयारीत आहेत, आणि काळ्याची मोहरी मागे रेटलेली आहेत. पंचविसाव्या चालीला पेट्रोसियन आपला हत्ती ई६ वर ठेवतो, जिथे पांढऱ्याचा उंट तो सरळ मारू शकतो. हेतू असा की ई प्यादे जागीच अडावे आणि सी६ वरील घोड्याला ई७ मार्गे डी५ वर जायला सवड मिळावी. रेशेव्हस्कीने हत्ती मारला, घोडा डी५ वर येऊन बसला, आणि मघाशी इतकी भयंकर वाटणारी ती दोन प्यादी निर्जीव झाली. पुढे रेशेव्हस्कीला मिळालेला लाभ हत्ती देऊन परत करावा लागला आणि डाव बरोबरीत सुटला. हा डाव विजयांच्या संग्रहात सापडणार नाही, परंतु वाईट स्थितीत योजना कशी आखावी हे शिकवणारा याच्या तोडीचा डाव मला तरी ठाऊक नाही.

सरळ_रेषा :

काळी_मोहरी यांच्याशी शंभर टक्के सहमत. मोहऱ्यांचे गुण मोजून देवघेव करण्याची माझी सवय याच डावाने मोडली.

पट_आणि_पेन :

सर्वांचे आभार. थेट_मात, आपला मुद्दा मी नाकारत नाही, परंतु धागा डावपेचांकडे वळू नये म्हणून पुन्हा विचारतो. डाव अभ्यासणे म्हणजे प्रत्यक्षात काय करायचे? मी पडद्यावर बाण दाबत चाळीस चाली पाच मिनिटांत पाहतो, आणि ते पुरेसे नाही हे मलाही कळते.

संध्याकाळचा_डाव :

बाण दाबणे बंद करणे हीच पहिली पायरी. मी जी पद्धत वापरतो ती जुनीच आहे आणि तिच्यात कोणतेही गुपित नाही. खरा पट मांडावा, डावाच्या चाली कागदाने झाकाव्यात, विजेत्याची बाजू घ्यावी आणि सुरुवातीच्या दहा-बारा चाली झाल्यावर प्रत्येक चाल स्वतः ठरवूनच कागद खाली सरकवावा. इथपर्यंत अनेक जण करतात. बहुतेकांचे राहून जाते ते असे की चाल ठरवताना तिचे कारण एका वाक्यात लिहून ठेवायचे असते. ‘घोडा डी४ वर, कारण तिथून त्याला कोणतेही प्यादे हुसकावू शकत नाही’, एवढे पुरे. आपली चाल मूळ चालीशी जुळली की नाही याला फारसे महत्त्व नाही. कारण जुळले की नाही हे पाहावे. चाल जुळली आणि कारण चुकले, तर ती चाल आपल्याला आली असे समजू नये.

याचा लाभ कुठे होतो ते सांगतो. १९७१ च्या ब्युनोस आयर्समधील सामन्याच्या सातव्या डावात फिशरचा घोडा सी५ वर विराजमान आहे आणि पेट्रोसियनचा डी७ वरील उंट अगदीच केविलवाणा आहे. बाविसाव्या चालीला काय खेळाल असे कोणालाही विचारले तर तो त्या घोड्याला हात लावणार नाही. फिशरने त्याच घोड्याने तो केविलवाणा उंट मारून टाकला. इथे कागद सरकवल्यावर माणूस थबकतो, आणि थबकला तरच त्याला दिसते की तो वाईट उंटच काळ्याच्या सगळ्या दुबळ्या जागा सांभाळत होता आणि तो गेल्यावर फिशरच्या हत्तीला सी पट्टीतून सातव्या ओळीत उतरायला मोकळीक मिळाली. बाण दाबणाऱ्याला ही चाल इतर चालींसारखीच एक चाल वाटते.

एका बैठकीत एकच डाव घ्यावा, आणि अर्ध्यावर कंटाळा आला तर उरलेला दुसऱ्या दिवशी पाहावा. पोथी वाचल्यासारखे रोज दहा डाव उरकण्यात पुण्य असेल, ज्ञान नाही.

थेट_मात :

पद्धत पटली. पण इंजिनला अस्पृश्य का मानता? त्या जुन्या टिपणांत चुकीची विश्लेषणे किती आहेत हे आज उघड झाले आहे. फिशरची ती चाल खरोखर सर्वोत्तम होती की नाही हे इंजिन क्षणात सांगते.

संध्याकाळचा_डाव :

इंजिन जरूर वापरावे, पण शेवटी. आपली कारणे लिहून झाली, टीपकाराचे म्हणणे वाचून झाले, आणि तरीही एखाद्या जागी शंका उरली की त्या जागेपुरते इंजिन लावावे. आधीच लावले तर आपण आकडा पाहतो आणि विचार थांबवतो. शिवाय सर्वोत्तम चाल कोणती हा प्रश्न इथे दुय्यम आहे. सर्वोत्तम चालीहून किंचित कमी दर्जाची, पण जिच्यामागचा विचार मला समजतो आणि जी पुढे मलाही वापरता येते, अशी चाल माझ्या दृष्टीने अधिक मोलाची.

तिरपी_पट्टी :

इंजिनांचा विषय निघालाच आहे तर थोडे अवांतर. २०१७ च्या डिसेंबरात अल्फाझीरो या प्रोग्रामने स्टॉकफिश या इंजिनविरुद्धच्या शंभर डावांपैकी २८ जिंकले आणि ७२ बरोबरीत सोडवले, तेव्हा त्या डावांकडे पाहून अनेकांना जुन्या दिग्गजांची आठवण झाली होती. प्रतिपक्षाचा एक मोहरा कोपऱ्यात कोंडून ठेवायचा आणि उरलेल्या पटावर आपले सैन्य जास्त आहे अशा थाटात खेळायचे, त्यासाठी प्यादी सहज देऊन टाकायची, ही दृष्टी जुनी आहे. बोटविनिकने १९३८ च्या ॲव्रो स्पर्धेत कापाब्लांकाविरुद्ध नेमके हेच केले. काळ्याचा घोडा ए५ मार्गे बी३ वर गेला आणि त्यामुळे काळ्याने ए४ चे प्यादे जिंकले, परंतु तोवर बोटविनिकने ई प्यादे मधोमध पुढे रेटले होते आणि तो घोडा राजापासून फार दूर राहिला होता. तिसाव्या चालीचा ए३ वरील उंटाचा बळी सर्वांना माहीत असतो. तो बळी शक्य झाला तो वजिराच्या बाजूचे एक प्यादे निर्विकारपणे जाऊ दिल्यामुळे, याकडे फार कमी जण लक्ष देतात.

मंदगती :

माझीही प्यादी मी निर्विकारपणेच जाऊ देतो. पुढचा उंटाचा बळी तेवढा अजून सापडलेला नाही.

सरळ_रेषा :

@पट_आणि_पेन, कोणापासून सुरुवात करावी हेही ठरवायला हवे. माझ्या मते मॉर्फीपासून. पॅरिसच्या ऑपेरागृहात १८५८ मध्ये खेळलेला सतरा चालींचा डाव मुलांनाही समजतो, आणि मोहरी भराभर बाहेर काढण्याचे मोल त्याहून चांगले कुठेही दिसत नाही.

काळी_मोहरी :

मॉर्फीचा तो डाव सुंदर आहे, पण धागाकर्त्याचा प्रश्न मोहरी बाहेर आल्यानंतरचा आहे. ऑपेरागृहातील डाव तिथे पोहोचण्यापूर्वीच संपतो. त्यांनी कापाब्लांका आणि रुबिनस्टाइन यांच्यापासून सुरुवात करावी, नंतर बोटविनिक, स्मिस्लोव्ह, पेट्रोसियन, आणि मग कार्पोव्ह. ताल आणि अलेखाइन आनंदासाठी पाहावेत. त्यांची नक्कल करायला मोठी गणनाशक्ती लागते.

तिरपी_पट्टी :

कालक्रमाने जाण्याऐवजी प्याद्यांच्या रचनेनुसार डाव गोळा करावेत असे मला सुचवायचे आहे. समजा तुम्ही पांढऱ्या बाजूने वजिराचा गॅम्बिट ही सुरुवात खेळता आणि मध्यभागी प्याद्यांची अदलाबदल होऊन कार्ल्सबाड रचना (पांढऱ्याची डी४ व ई३, काळ्याची सी६ व डी५ ही प्यादी) तयार होते. मग त्या रचनेतील डाव लागोपाठ पाहा. बी प्यादे बी५ पर्यंत नेऊन काळ्याच्या सी६ वर घाव घालण्याची अल्पसंख्य प्याद्यांची चढाई (कमी प्याद्यांनी जास्त प्याद्यांवर केलेली) कशी चालते ते १९४८ च्या जगज्जेतेपद स्पर्धेतील स्मिस्लोव्ह विरुद्ध केरेस या डावात दिसेल. मग काळा राजाच्या बाजूला त्याला कसे उत्तर देतो, आणि पांढरा बी५ ऐवजी एफ३ व ई४ असा मध्यभागाचा मार्ग केव्हा धरतो, असे डाव एकापाठोपाठ एक पाहिले की तुमच्या स्वतःच्या डावात ती रचना आल्यावर मोहरी आपोआप योग्य घरांकडे वळू लागतात. एका खेळाडूचे सगळे डाव पाहिले तर त्याची शैली कळते. एका रचनेचे डाव पाहिले तर उद्याच्या डावात काय करायचे ते कळते.

अडीच_घरे :

तिरपी_पट्टी यांची सूचना उत्तम आहे, तिला एक पुस्ती जोडतो. यादीत थोडे अंत्यडावही असू द्यावेत, कारण तिथे पटावर मोहरी कमी असल्यामुळे योजना उघडी पडते. न्यूयॉर्क १९२४ मधील कापाब्लांका विरुद्ध टार्टाकोव्हर हा डाव घ्या. (याच स्पर्धेत रेतीने कापाब्लांकाला हरवून त्याची आठ वर्षांची अपराजित वाटचाल संपवली आणि स्पर्धा जिंकली लास्करने, हे जाता जाता.) हत्तींच्या अंत्यडावात कापाब्लांकाचा हत्ती एच७ वर आहे, जी५ वर पुढे जाऊ पाहणारे प्यादे आहे, आणि काळ्याचा हत्ती सी३ चे प्यादे खायला टपला आहे. कोणताही सामान्य खेळाडू सी३ सांभाळायला धावेल. पस्तिसाव्या चालीला कापाब्लांका राजा जी३ वर नेतो. काळा शह देऊन सी३ खातो, राजा एच४ वर जातो. पुढे काळा शह देऊन एफ४ सुद्धा खातो आणि राजा जी५ वर पोहोचतो. दोन प्यादी गेली, दोन्ही शहासह गेली, आणि तरीही डाव पांढराच जिंकणार आहे, कारण त्याची तिन्ही मोहरी, म्हणजे राजा, हत्ती आणि जी६ चे प्यादे, काळ्या राजाभोवती काम करत आहेत.

पट_आणि_पेन :

हा डाव काल कागद झाकून पाहिला. एकोणचाळिसाव्या चालीला राजा सरळ एफ५ चे प्यादे खाऊ शकत होता. तो एफ६ वर का गेला हे मला अजून नीटसे कळलेले नाही.

अडीच_घरे :

दोन कारणे. एफ६ वर येताच एच८ वर हत्तीने मात करण्याची धमकी उभी राहते, त्यामुळे एफ८ वरील काळ्या राजाला हलावेच लागते. आणि एफ५ वरील प्यादे काळ्याचेच असल्यामुळे ते पांढऱ्या राजाच्या पाठीशी आडोसा होऊन उभे राहते. ते खाल्ले असते तर काळ्या हत्तीला एफ पट्टीतून मागून शह देत बसता आले असते. ते प्यादे कुठे पळून जाणार नव्हते. काळ्या राजाला कोपऱ्यात ढकलून आणि सी७ चे प्यादे घेऊन झाल्यावर कापाब्लांकाने ते सवडीने खाल्ले.

थेट_मात :

हा डाव मीही पाहिला. धागाकर्त्यांना माझा सल्ला तोच राहील, मात्र आठवड्यातला एक दिवस कोड्यांऐवजी असा एक डाव, एवढी तडजोड मला मान्य आहे.

संध्याकाळचा_डाव :

@थेट_मात, एवढी तडजोड पुरेशी आहे. आणि @पट_आणि_पेन, पाहिलेल्या डावांतून मिळालेली योजना लगेच खेळून पाहायची असेल तर किमान अर्ध्या तासाचे डाव खेळा. तीन मिनिटांच्या डावात रुबिनस्टाइन आठवायलाही सवड मिळत नाही.

पट_आणि_पेन :

आता कार्पोव्ह विरुद्ध उन्झिकर, नीस ऑलिंपियाड १९७४, हा डाव लावला आहे आणि चोविसाव्या चालीवर अडलो आहे. ए पट्टी उघडी आहे, हत्तींची अदलाबदल होऊ शकते, आणि मी कारण म्हणून ‘पट्टी ताब्यात घेण्यासाठी हत्ती मारावा’ असे लिहिले होते. कार्पोव्हने उंट ए७ वर नेऊन ठेवला. पट्टी स्वतःच बंद करून त्याला काय मिळाले?

काळी_मोहरी :

अदलाबदल झाली असती तर काळ्याची घुसमट कमी झाली असती. ज्याच्याकडे जागा कमी असते त्याला मोहरी पटावरून गेलेली हवीच असतात. उंट ए७ वर बसल्यामुळे काळ्याला हत्ती बदलता येत नाहीत, आणि त्या उंटाच्या आड पांढरा मात्र आपले दोन्ही हत्ती निवांत ए पट्टीत आणून ठेवतो. उंट हलला की पट्टी त्याच्या मालकीची. त्यामुळे काळ्याला सतत तिकडे पहारा ठेवावा लागतो.

याहून गंमत पुढे आहे. तो उंट डाव संपेपर्यंत ए७ वरून हललाच नाही. ए पट्टी शेवटपर्यंत उघडली नाही. काळ्याची मोहरी तिकडे गुंतलेली असताना कार्पोव्ह राजाच्या बाजूला वळला, आणि चव्वेचाळिसाव्या चालीला उन्झिकरने डाव सोडला. तुम्ही चोविसाव्या चालीपुढचा भाग अजून झाकलेलाच असेल तर तसाच राहू द्या, आणि पांढरा एफ प्यादे केव्हा पुढे ढकलेल हे आधी स्वतः ठरवून पाहा. तुमच्या अंदाजाहून तो बराच जास्त थांबतो, आणि थांबलेल्या प्रत्येक चालीत कोणता मोहरा कुठे सरकवतो ते लिहून इथेच टाका.

पट_आणि_पेन :

झाकलेलाच आहे. माझा अंदाज सत्ताविसावी चाल, कारण तोवर दोन्ही हत्ती ए पट्टीत आलेले असतील.

काळी_मोहरी :

हत्तींपुरता बरोबर आहे. पण त्याचा पांढऱ्या घरांवरचा उंट कुठे उभा आहे, आणि राजाच्या बाजूचे दोन घोडे एफ पट्टी चालू लागण्यापूर्वी कोणत्या घरांत हवेत, तेवढे पाहून पुन्हा सांगा.